एकही तक्रार नाही

सुमय्याने पान पुन्हा ताजं केलं. तक्रारी : शून्य. दुपारपासूनची ही एकतिसावी खेप. शून्याचा धीर काही सुटत नव्हता.

चार वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या याच खोलीत बसून तिने एका प्रोग्रामिंग लायब्ररीसाठी छोटंसं मॉड्यूल लिहिलं होतं. मजकुरातून हवा तो नमुना शोधणारी इंजिनं लोक त्या लायब्ररीतले सुटे भाग जोडून बनवत. सुमय्याचा भाग त्यांना अक्षरांचे गट पाडून द्यायचा. तो इतका बिनबोभाट चालला, की लायब्ररी सांभाळणाऱ्या समितीने तिला परवा कळवलं : चार वर्षांत एकही तक्रार नाही, अर्थात कोणी वापरत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत एखादी तरी तक्रार उघडी नसेल, तर काढून टाकू.

शुक्रवारचे पावणेपाच झाले. ती उठली, बसली, परत उठली आणि ओटीवर जाऊन तिने अब्बांसमोर लॅपटॉप ठेवला.

तिचे अब्बा गुलाम चाळीस वर्षं बंदरावरच्या लिलावात मासळी घेत होते. शेपूट आपटणाऱ्या सुरमईतही त्यांना शिळेपणा दिसे. घर त्यावरच उभं होतं.

"अब्बा, माज्या कामात एक खोट काडा. बारीकशी चलात."

"करता काय ता?"

"अक्षरांचे वाटे करता."

"चुकता?"

"नाय."

"मगे माज्याकडे कित्याक इलंस?"

"आज चुकाक व्हया. नायतर पाच वाजता काडून टाकतले."

अब्बांनी चष्मा पुसला. एकही ओळ कळत नसताना फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली. मग तिने तक्रारीचं पान उघडून दिलेला आपला फोन तोंडाशी धरून, दलालाला सुनवावं तसं काहीतरी सुनावलं.

चार सत्तावन्नला पानावर आकडा हलला. यंत्राने केलेल्या भाषांतराखाली मूळ मजकूर होता : 'सगळो माल बगलंय. खंयच्या होडयेचो, ता लिवलेला नाय. लिलावात पयला होडयेचा नाव पुकारतत. बिननावाचो माल मी घेणंय नाय.'

समितीचं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'तक्रार रास्त. फाइलीत लेखकाचं नाव नाही. दुरुस्ती होईपर्यंत मॉड्यूल कायम.'

नाव घालायचं कसं राहिलं, हे सुमय्यालाच आठवेना. तिने फाइल उघडली आणि पहिल्या ओळीवर टाइप केलं : सुमय्या गुलाम मुजावर. चांगलं दिसत होतं. आता एक कळ दाबायची, की दुरुस्ती झाली. दुरुस्ती झाली की तक्रार मिटली. आणि तक्रार मिटली की...

बोट कळीवरून उचललं गेलं.

"नाव घातलंस गो?" अब्बांनी विचारलं.

"घालतंय," ती म्हणाली, आणि शेवटच्या अक्षरापासून एकेक पुसत मागे आली. "सवडीन."