पुरचुंडीतली साखर

निघताना मामीने भाच्याला जिन्यात गाठलं होतं. ‘‘हे बघ, फुलपाखरू मिळो न मिळो, माझं काही अडत नाही. हा माणूस तेवढा धड परत आण. साखर उतरली की ते आधी घामाघूम होतात, मग उगाच चिडतात. शर्टाच्या खिशात साखरेच्या पुड्या असतात, त्या सरळ तोंडात रिकाम्या करायच्या. विचारत बसायचं नाही.’’

भाच्याने मान डोलावली. बोलण्यापेक्षा मान डोलावणं त्याला नेहमीच सोपं जाई; म्हणून तर मामा त्याला मुक्या म्हणत.

आता ऊन माथ्यावर आलं होतं. अभयारण्यातल्या ओढ्याकाठी दबा धरून बसलेला तो मामांकडे चोरून पाहत होता. मामा घामाघूम झाले होते. पण घाम त्यालाही आला होता; आणि चिडण्याचं म्हणावं, तर मामा जन्मजात चिडके.

सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा ठेवून घेतला होता. आत खाण्याची वस्तू न्यायची नाही, असा तिथला नियम. परवानगी होती ती फक्त आमिषाला. इन्सुलिनचं इंजेक्शन मामा घरीच टोचून आले होते. ‘‘आधी खाऊन घ्या’’ हे शब्द भाच्याच्या ओठांपर्यंत आले, आणि नेहमीप्रमाणे तिथेच थबकले. तोवर मामा वळणाआड गेलेसुद्धा.

आमिष समोरच्या फांदीला टांगलं होतं. आंबून काळी पडलेली केळी कुस्करून पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधली होती. ज्या फुलपाखरासाठी ते आले होते, ती निळकाठी फुलांकडे ढुंकून पाहत नाही, सडक्या फळांवर येते, असं मामांचं म्हणणं. मामांचंच, कारण तिला पाहिलेला माणूस तेवढा एकच. फार वर्षांपूर्वी, याच ओढ्याकाठी. निसर्गमंडळातल्यांनी तेव्हा सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मामांचं नाव ‘भास’ ठेवलं. ‘‘अरे, भास आले, खुर्ची द्या त्यांना!’’ कानावर आलं की मामा हसत. ते हसू भाच्याला पाहवत नसे. उद्यापासून अभयारण्य बंद होणार होतं. आणि पुन्हा उघडेल तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाहण्याइतका उजेड उरेल, याची ग्वाही डॉक्टर देत नव्हते.

‘‘सावली आवर!’’ मामा दबक्या आवाजात खेकसले. ‘‘आमिषावर सावली पडली की खेळ खलास. किती वेळा सांगू?’’

भाचा मागे सरकला. सावली आमिषापासून हातभर लांबच होती.

‘‘मामा, थोडी साखर खाऊन घेता?’’

‘‘मामीने हेर म्हणून धाडलंय का तुला?’’

‘‘हो.’’

मामा खुदकन हसले. ‘‘निदान खरं तरी बोलतोस.’’

त्या हसण्याने भाच्याचा जीव भांड्यात पडला. चिडका माणूस हसला, म्हणजे सारं ठीक असणार. तो पुन्हा फांदीकडे पाहू लागला. पाण्यावर ऊन थरथरत होतं. कुठे पान हललं तरी त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे जात होता.

‘‘तुझी आई कुठे राहिली रे?’’ मामांनी अचानक विचारलं. ‘‘मागून येत होती ना?’’

भाच्याची आई दूर, दुसऱ्या गावी होती. ती इथे कधी आलीच नव्हती.

त्याने मामांच्या खिशात हात घातला. बोटांना पुड्या लागल्या. बाहेर काढल्या तर सगळ्या फाडलेल्या, रिकाम्या. आणि सकाळची गोष्ट त्याला लखकन आठवली. तो फांदीला दोरी बांधत असताना मागे कागद फाटल्याचा आवाज झाला होता. ‘‘फारच आंबट झालंय, मुक्या,’’ मामा म्हणाले होते, ‘‘जरा गोड करू.’’ साखर आमिषासाठीच आणलेली असेल, असं तो धरून चालला होता.

मामा एका अंगाला कलले. त्यांना सावरत त्याने फांदीकडे पाहिलं.

पुरचुंडीवर एक वाळकं पान बसलं होतं. ते सावकाश उघडलं, आणि आतल्या काळसर मखमलीच्या कडेने निळी रेघ उजळली.

कॅमेरा छातीशीच होता. डोळ्याला लावायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम. मामांनी ज्याच्यासाठी अर्धं आयुष्य लोकांचं हसू गिळलं होतं, ते समोर पंख उघडून बसलं होतं.

भाचा सरळ धावला. त्याची सावली पुरचुंडीवर पडली आणि निळी रेघ विझली.

त्याने फडकं ओरबाडलं, मामांची मान एका हाताने उचलून धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तो काळा लगदा त्यांच्या गालाच्या आत चोळू लागला. मामांनी हात झटकला. त्यांची मूठ लगद्याने बरबटली.

‘‘शी! घाण आहे…’’

‘‘गिळा!’’

रानात तो आवाज घुमला तेव्हा तो आपलाच आहे हे त्याला उशिरा कळलं. मामांनी निमूटपणे गिळलं. त्याने आणखी भरवलं. पुन्हा गिळलं.

मग वाट पाहण्याखेरीज काही उरलं नाही. मामांचं डोकं त्याच्या हातावर जड होतं, डोळे अर्धवट मिटलेले.

आणि निळकाठी परत आली. मामांच्या बरबटलेल्या मुठीवर उतरली, केसासारखी सोंड उलगडून पिऊ लागली. पंख उघडत, मिटत. एक हात मानेखाली, दुसरा मामांच्या नाडीवर. भाच्याने कुठलाच हात हलवला नाही. त्याने फक्त पाहिलं, दोघांच्या वाटचं पाहिलं. मग ती उडाली आणि झाडांतलं एखादं पान होऊन गेली.

बऱ्याच वेळाने मामांची नजर स्थिरावली.

‘‘तोंडात काय सडकं कोंबलंस रे?’’

‘‘निळकाठीचं जेवण.’’

मामांनी डोकं किंचित उचललं. मग अगदी हळू म्हणाले, ‘‘आली होती?’’

नाही म्हणणं सोपं होतं. मान हलवली की झालं असतं.

‘‘आली होती. तुमच्या मुठीवर बसली होती.’’

‘‘फोटो?’’

‘‘नाही काढला.’’

मामा आपल्या मुठीकडे पाहत राहिले.

‘‘चला,’’ शेवटी ते म्हणाले, ‘‘आता मंडळात दोन खुर्च्या लागतील.’’

तोंडातल्या गोडीने अंगात बळ आलं, तसे ते भाच्याच्या खांद्याचा आधार घेत फाटकाकडे निघाले. तिथे डबा होता. ओढा ओलांडताना भाच्याने वाकून हात धुतले. मामांनी धुतले नाहीत.