दारव्ह्याच्या वाटेवर बंद पडणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. किती जुनी, ते माझ्या टाकीकडे पाहिलंत तर कळेल. मूळचा रंग लाल होता, त्यावर काळा चढला, मग निळा, आणि आता जिथे जो उरला तो. माझी कहाणी सांगते, पण सावकाश सांगेन. माझ्या अंगात आता घाई उरलेली नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये दाटीवाटीने उभी राहून मी यवतमाळला आले. माझे पहिले मालक उकंडाजी. ते कापूस खरेदी केंद्रात काट्यावर कामाला होते. बोरी अरबच्या पलीकडच्या त्यांच्या गावात मी शिरले तेव्हा अख्खी वस्ती गोळा झाली. त्यांच्या पत्नी तुळसाबाई यांनी माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला. दर चौदा एप्रिलला उकंडाजी मला नदीवर धुऊन काढायचे आणि पुढे निळा झेंडा लावायचे. लग्नाची बोलणी असोत, कोणाला बाळंतपणासाठी न्यायचं असो, माणसं मलाच बोलवायला येत. "उकंडाजीची गाडी एका किकमंदी चालू होते," असं लोक म्हणत आणि मला बरं वाटे.

उकंडाजी गेले आणि मी त्यांच्या मुलाकडे, इंद्रजितकडे आले. तोवर रस्त्यांवर माझ्यापेक्षा हलक्या, चपळ गाड्या धावू लागल्या होत्या. पण इंद्रजितने मला विकलं नाही. त्याचा धंदा फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचा होता. मागे अवजारांची पेटी बांधून तो गावोगाव फिरायचा. कुठे वायसर बदल, कुठे नळी बदल, कुठे बटण बसव. हंगामात आम्हा दोघांना श्वास घ्यायला सवड नसे.

मी ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, ते बोंडअळीचं वर्ष. आधीची काही वर्षंही कापसासाठी वाईटच गेली होती, पण त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. लोक फवारत होते, थांबत होते, पुन्हा फवारत होते. कोणाच्याच चेहऱ्यावर जीव नव्हता. इंद्रजितला काम भरपूर होतं, पण संध्याकाळी घरी येऊन तो जेवायच्या आधीच भिंतीला टेकून झोपी जायचा.

आणि नेमकी त्याच हंगामात मी बंद पडू लागले.

घरून निघताना मी चांगली असे. थोडं अंतर गेलं की धाप लागल्यासारखी ठसकायची आणि गपकन थांबायची. इंद्रजित किक मारून मारून घामाघूम होई. मग वैतागून बाभळीखाली बसे. बऱ्याच वेळाने उठून किक मारली की मी मुकाट सुरू होई, आणि पुढे जाऊन पुन्हा थांबे. गंमत अशी की टाकी भरलेली असली की मी लवकर थांबायची आणि पेट्रोल कमी असलं की जरा लांब जायची.

दारव्ह्याचे जब्बारचाचा माझे जुने डॉक्टर. त्यांनी प्लग बदलला. पॉइंट घासून साफ केले. "गरम झाली का कॉइल सोडते हिची," म्हणून कॉइल बदलली. सायलेन्सर जाळून त्यातली काजळी काढली. कार्बोरेटर तर इतक्या वेळा खोलला की माझे स्क्रू ढिले झाले. शेवटी त्यांनी टाकी उतरवली, वर पेट्रोलची बाटली टांगली आणि मला बाटलीवर चालवलं. मी तासभर न थांबता चालत राहिले.

"पाह्य बरं," चाचा म्हणाले, "बाटलीवर कशी मस्त चालून राह्यली! टाकीतच कचरा असंन."

टाकी धुतली, खालची पेट्रोल सोडायची चावी बदलली. मी घरी परत येताना वाटेत पुन्हा थांबले. दुसऱ्या दिवशी चाचांनी हात पुसत इंद्रजितकडे पाहिलं. "बेटा, मले समजूनच नाही राह्यलं. बुढी झाली, असंच समज."

मित्रांनो, रोज उघडलं जाणं आणि रोज तसंच राहणं यानं मी फार थकले होते. मला सांगता येत नव्हतं, एवढंच माझं दुःख होतं.

अशाच एका सकाळी इंद्रजितला निरोप आला. तांड्यावरचा भावसिंग दुसऱ्यांच्या वावरात रोजीने फवारणी करायचा. त्याचा स्वतःचा पंप गळत होता. इंद्रजित लगेच निघाला, पण मी वाटेत दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा बराच वेळ सुरूच झाले नाही. आम्ही वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भावसिंग धुऱ्यावर आडवा पडला होता. त्याचा सदरा पाठीवर औषधाने चिंब भिजलेला, तोंडातून लाळ गळत होती. त्याची बायको जमनाबाई त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती.

"पंप गयत होता तं थांबला काहून नाहीस रे?" इंद्रजित ओरडलाच.

"औषध कालवून ठेवलं होतं," भावसिंग कसंबसं म्हणाला. "भाऊ, मले तू दिसून नाही राह्यला."

इंद्रजितने त्याचा सदरा फाडून काढला, अंग पाण्याने धुतलं आणि कोरडं फडकं गुंडाळलं. फोन लावला, पण त्या शिवारात रेंज नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर कळली. माझ्यावर विश्वास नव्हता, पण दुसरं कोणी नव्हतं.

मागची पेटी सोडून धुऱ्यावर टाकली आणि भावसिंगला मध्ये बसवलं. मागे जमनाबाई बसली आणि तिने आपल्या ओढणीने नवऱ्याला इंद्रजितच्या पाठीशी बांधलं. आम्ही दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो. नेमकी त्याच सकाळी माझी टाकी काठोकाठ भरली होती.

व्हायचं तेच झालं. मी ठसकले आणि थांबले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"थांबू नको रे भाऊ, थांबू नको," जमनाबाई म्हणत होती. "हे थंडे पडून राह्यले."

 सकाळी भरलेलं पेट्रोल कुठे गळून तर गेलं नाही, हे पाहायला इंद्रजितने टाकीचं झाकण फिरवलं. झाकण उघडताच आत हवा शिरली, स्स्स करून, दम कोंडलेल्या माणसाने श्वास ओढावा तशी. त्याने लक्ष दिलं नाही. झाकण लावलं, किक मारली. मी सुरू झाले.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा थांबले. त्याने पुन्हा झाकण उघडलं. पुन्हा तोच आवाज. या वेळी तो क्षणभर झाकणाकडे पाहतच राहिला.

"हिले हवाच भेटून नाही राह्यली," तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने झाकण तसंच सैल ठेवलं. खड्ड्यागणिक पेट्रोल उसळून त्याच्या मांडीवर सांडत होतं, कातडी भाजल्यासारखी होत होती, पण त्याने वेग कमी केला नाही. आणि मीही, मित्रांनो, कित्येक दिवसांनी एका दमात धावले. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत मी एकदाही थांबले नाही.

भावसिंगला तिथे इंजेक्शनं दिली आणि तिथून यवतमाळला नेलं. तो वाचला. पण त्याच्या नजरेपुढचं धुकं पुरतं गेलं नाही. अजूनही तो माणूस ओळखायला जवळ येतो.

जब्बारचाचांनी माझं झाकण उघडून पाहिलं. आत सायकलच्या ट्यूबमधून कापलेली अख्खी गोल चकती बसवलेली होती. हवा आत जायचं बारीक भोक तिच्याखाली झाकलं गेलं होतं, आणि हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नव्हतं. चाचांनी कपाळाला हात लावला. "टाकी उतरवून धुतली म्या, अन् झाकणाकडे पाह्यलंच नाही!"

चकती तुळसाबाईंनी हंगामाच्या सुरुवातीला लावली होती. मी त्यांच्या खाटेजवळ ओसरीत उभी असे आणि पेट्रोलच्या वासाने त्यांचं डोकं दुखे.

"म्या तं वासासाठी लावलं होतं रे बाप्पा," त्या रडवेल्या झाल्या.

"राहू दे माय," इंद्रजित म्हणाला. त्याने चकतीला मधोमध भोक पाडलं, आणि त्या दिवसापासून मला बाहेरच्या छपरीत ठेवू लागला.

काही आठवड्यांनी जमनाबाई डोक्यावर भावसिंगचा पंप घेऊन आली. तिने तो माझ्या चाकाजवळ ठेवला.

"दुरुस्त नको करू, भाऊ. मोडून टाक."

इंद्रजितचं पोट पंप दुरुस्त करण्यावर चालायचं. तरी त्याने पंप जमिनीवर आडवा केला. मग त्याने हातोडा घेतला.

दुसऱ्या दिवशी भावसिंग स्वतः आला. तुकडे त्याने हाताने चाचपून पाहिले. "बरं झालं," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "आता मी काय करू, भाऊ?"

 इंद्रजित त्याच्याजवळ बसला. सोमवारपासून भावसिंग त्याच्याबरोबर येऊ लागला. दुरुस्त झालेल्या पंपाची टाकी पाण्याने भरून तो पाठीवर घेतो, आणि पाठ ओली लागली की म्हणतो, "गयते." मग इंद्रजित तो पंप परत देत नाही, मालक कितीही घाई करो. काम त्यामुळे कमीच झालं आहे. आम्ही तिघं हळूहळू फिरतो.

मित्रांनो, तुमच्या घरचं एखादं यंत्र सारखं अडत असेल तर त्याला लाथ मारण्याआधी त्याचं काय कोंडलंय ते पाहा. आणि तुमच्या घरचं कोणी फवारणीला निघालं, तर तेवढा वेळ त्याच्या पाठीकडे लक्ष ठेवा. पाठ ओली दिसली तर हाक मारा, वावराबाहेर बोलवा, औषध वाया गेलं तरी जाऊ द्या. मी बंद पडले तर बाभळीखाली उभी राहू शकते. त्याला तसं उभं राहता येणार नाही.