पळसाचा देह

"पाय आखूड झालं," अंबूबाई म्हणाल्या.

पंचगंगेच्या घाटावर भटजी पळसाच्या पानांचा माणूस बांधत होते. डोक्याच्या जागी नारळ बसला होता. बाईमाणसाने मसणवटीत येऊ नये म्हणून भावकीने समजावून पाहिले होते. त्या आल्या होत्या. नवरा सयाजीराव यांनी भटजींना अजून पाने घ्यायला सांगितली. पोरगा बापाहून उंच होता.

पिराजी इंगवले. शिवाजी पेठेतल्या तालमीत घुमला, पुराच्या पाण्यात पोहला, कॉलेज करून आरमारात अधिकारी झाला. रजेवर आला, बोहल्यावर चढला, हळद उतरायच्या आत निघून गेला. बेचाळीस साली लढाईत बंगालच्या उपसागरात त्याची बोट बुडाली. तार आली, देह आला नाही.

देह नाही तर सुतक नाही, असे अंबूबाईंनी ठरवले. बारा वर्षे वाट बघायची, मग पानांचा देह करून अग्नी द्यायचा, अशी रीत. ती सगळी वर्षे त्याची बायको विमला कुंकू लावून शाळेत शिकवायला गेली. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवत. ओटी भरताना मात्र पुढचीकडे वळत.

बारा वर्षे सरली, तरी अंबूबाई आज-उद्या करीत राहिल्या. शेवटी भाकरी थापता थापता विमला सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी सवाशीण हाय का न्हाय, एकदा सांगून टाका की."

त्या दिवशी अंबूबाई जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी नवऱ्याला भटजींकडे धाडले.

घाटावर पाने लवकर जळाली. राख मडक्यात भरून भटजी पाण्याकडे निघाले, तशा अंबूबाई आडव्या आल्या.

"नदीत न्हाय सोडायचं."

भटजींनी शास्त्र सांगितले. भावकी कुजबुजली.

"नदी कुठं जाती, मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "समुद्रानं एकदा न्हेलाय त्येला. आता न्हाय देत."

सयाजीरावांनी भटजींच्या हातातून मडके घेतले. बैलगाडी कसबा बावड्याच्या घरच्या रानाकडे वळली. उसाच्या कडेला, एका कोपऱ्यात राख पुरली. सगळे घरी आल्यावर विमलाने कुंकवाचा करंडा सासूच्या पुढ्यात ठेवला. अंबूबाईंनी तो उचलून देवळीत ठेवला आणि सुनेला जेवायला वाढले.

बावड्याच्या रानात आजही ज्ञानू गडी उसाला पाणी पाजतो. त्या कोपऱ्यापाशी आला की खोऱ्याने मातीचा बांध घालतो. पाणी जरा थबकते, मग वळसा घालून पुढच्या सरीत जाते.