डाळमिलची शांत मालकीण

पूर्णा गावाच्या बाहेर, ताडकळस रस्त्याला सांबप्पांची डाळमिल आहे. सांबप्पा जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी मिल त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यांच्यामागे मुलगा सोमेश्वर गादीवर बसला आणि गेल्या आषाढात तो छातीत कळ येऊन गेल्यावर त्याची बायको वैजयंती. घरचा नियम मात्र मोडला नाही: सकाळी लिंगपूजा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, मग मिल. त्या पट्ट्यांवरून मिलीची तब्येत कळते, अशी डाळ निवडणाऱ्या अठरा बायकांची पक्की समजूत. गोदामाला आग लागली त्या दिवशीही सांबप्पा सरळ पट्टे लावून आले आणि चहा मागवून बसले होते म्हणे, आणि महिन्याभरात मिल पुन्हा सुरू झाली होती. एवढ्यावर बायकांनी सगळं शास्त्र उभं केलं.

सोमेश्वरला माती दिली त्याच्या पाचव्या दिवशी वैजयंती मिलीत आली, तेव्हा तिचेही पट्टे सरळ होते. काय धीराची बाई, लोक म्हणाले. धीराचा काही संबंध नव्हता. हात सवयीने फिरला होता. आत काहीच हलत नव्हतं. दुःख नाही, भीती नाही, भूकसुद्धा घड्याळात बघितल्यावर लागायची. पण लोकांना कोण सांगणार? परभणीच्या व्यापारी मंडळाने तर तिला भाषणाला बोलावलं, अडचणीच्या काळात डोकं शांत कसं ठेवावं यावर. ती चार वाक्यं बोलली. टाळ्या झाल्या, शाल मिळाली.

दिवाळीनंतर बाहेरच्या देशाची तूर बंदरात उतरली आणि भाव कोसळले. पुण्याच्या मोठ्या व्यापाऱ्याचा फोन आला, हातातला माल पुरा करा, पुढचं काही सांगता येत नाही. मुनीम नागनाथचा चेहरा पांढराफटक पडला. वैजयंती नुसतं "बरं" म्हणाली. मग दोघांनी बसून ठरवलं, एवढा माल भरायचा आणि महिनाअखेर मिलीला कुलूप लावायचं.

"पण वैनी, कुणाला बोलू नका," नागनाथ म्हणाला. "बाया आज सुटल्या तर हा मालबी निघायचा न्हाई. तुमी आता हायत तशाच राहा. तुमी शांत, तर मिल शांत."

"राहते," ती म्हणाली. त्यासाठी तिला काही करावंच लागणार नव्हतं.

आठवडाभराने भागुबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. नऊ वर्षं ती मिलीत डाळ निवडते. तिचा नवरा सटवाजी मेंढरं राखतो.

"बाई, मेंढरं इकायलोत आमी," ती म्हणाली. "चाळीस हायत. ह्यांचे गुडघे लय दुखायलेत, रानात फिरनं व्हईना. मिल हाय तवर माझ्या पगारात भागतंय. म्हनलं, एकडाव तुमाला इचारावं."

वैजयंतीने तिच्याकडे बघितलं. सांगावं असं तिला वाटलं नाही, आणि सांगू नये असंही वाटलं नाही.

"तुमचं तुमी बघा, भागुबाई."

भागुबाईने एकदा तिच्या कपाळाकडे नजर टाकली आणि हसली. "मंग मिटलं," म्हणाली आणि कामाला गेली.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी भागुबाईची जागा रिकामी होती. शेजारच्या बबिताने सांगितलं, नवराबायको पहाटेच मेंढरं घेऊन ताडकळसला गेली. वैजयंती त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. महिनाअखेरीला नऊ दिवस राहिले होते. कळवळा आला म्हणावं तर तसंही नाही. एवढंच कळलं की आज गेलं नाही, तर उद्यापासून या बाईच्या समोर उभं राहता येणार नाही. तिने स्कूटीची किल्ली घेतली.

नागनाथ आडवा आला. "वैनी, बाजारात बोललात तर सांजेपस्तोर समद्या पूर्णेला कळंल. उद्या निवडायला कोन येतंय?"

"कळू दे," ती म्हणाली.

ताडकळसच्या बाजारात मेंढरांचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि पटला की मान हलवायची. एकदा मान हलली की कुणी फिरत नाही. वैजयंती गर्दीतून पुढे घुसली, तेव्हा सटवाजीचा हात व्यापाऱ्याच्या रुमालाखालीच होता.

"सटवाजी, थांबा," ती म्हणाली. "मिल बंद होनार हाय. महिनाअखेर."

सटवाजीने मान हलवली नाही, हात बाहेर काढला. व्यापाऱ्याने रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि तो दुसऱ्या कळपाकडे गेला.

भागुबाई जवळ आली. "कवा ठरलं हे?"

"पंधरा दिस झाले."

"म्हंजी मी इचारलं तवा तुमाला ठावं होतं."

"होतं."

"आन् तरीबी तुमी इतक्या शांत?"

"शांत न्हाई वो मी," वैजयंती म्हणाली. "मला काई वाटतच न्हाई. मालक गेले तवापासून काईच वाटत न्हाई."

हे ती आजवर कुणालाच बोलली नव्हती. आता भागुबाई जवळ घेईल, निदान हात तरी धरेल, असं तिला वाटलं. भागुबाई तिच्याकडे बघतही नव्हती. ती उरलेल्या मेंढरांवरून नजर फिरवत होती.

"बारा गेल्या इकून सकाळच्या टेम्पोत," ती म्हणाली. "समद्या गाभन. ह्यांचं मन व्हईना, मीच म्हनलं, द्या बिनघोर, मी बाईंचं तोंड बघून आले."

वैजयंती तिथेच लेंड्यांत खाली बसली. इतक्या महिन्यांनी तिला काहीतरी वाटत होतं, आणि ती लाज होती. सटवाजी लंगडत मेंढरं वळवायला लागला, आणि भागुबाई त्याच्यामागे निघाली.