खाडीपलीकडचे मडके

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. वालावलच्या एका माळ्यावर, बियाण्याच्या डब्यांमागे उभी असते. गोळी आत सारणारा माझा बोल्ट जागेवर नाही. तो कुठे आहे, ते सांगते.

एका साहेबाने देश सोडताना मला बेळगावात विकले. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून या घरच्या भिकाजीने मला घरी आणले. चाळीस पावलांवरचे रानडुक्कर मी कधी सोडले नाही. गावाने कौतुक केले, ते भिकाजीच्या डोक्यात गेले. माझ्याही गेले, खोटे कशाला बोलू?

छप्पन सालचा माघ महिना होता. खाडीपलीकडे भिकाजीच्या बहिणीचा, तुळसाचा, वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताचा मळा होता. आई गेल्यावर त्यानेच तिला कडेवर वाढवले होते. मळ्यातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर चुना फासलेले मडके होते.

"डुकरां सगळेच मारतत रे," अलीकडच्या काठावर दुकानदार सत्यवान म्हणाला. "पलतडचा ता मडका फोड, मग तुका मानतंय!"

हजार पावले! तेवढ्या अंतरात गोळी एका माडाएवढी खाली बसते. वारा तिला बाजूला ढकलतो. शिवाय पोचायला दीड सेकंद लागतो. "तुळसा गो" अशी हाक मारायला लागतो तेवढाच. पण तेवढ्यात वाकलेले माणूस उभे राहते.

भिकाजीने माडांकडे पाहिले. झावळ्या स्तब्ध होत्या. सकाळचा, जमिनीवरून येणारा मतलई वारा पडला होता.

"माडाकडे बघू नको, पाण्याकडे बघ," तरीवाला गंगाराम म्हणाला. "मधी खारो वारो उठलो आसा."

"तू वल्ही मार रे! बंदुकीतला तुका काय कळता?"

समुद्राकडून येणाऱ्या त्या खाऱ्या वाऱ्याने खाडीच्या मध्यावर पाणी सुरकुतले होते. मला ते दिसत होते. पण बंदुकीला नळी असते, तोंड नसते. आणि मळ्यात पाटाचे पाणी घ्यायची पाळी त्या दिवशी कोणाची, हे भिकाजीने विचारलेच नव्हते.

खटका ओढला गेला.

बांधाआडून एक निळे लुगडे उभे राहिले. मग खाली बसले. मडके तसेच होते.

गंगारामने होडी लोटली. ती खाडी एवढी रुंद मला पुन्हा कधी वाटली नाही. भिकाजीने मला छातीशी धरले होते. माझी नळी अजून गरम होती.

तुळसा चिखलात बसली होती. मांडीवर तांब्याची कळशी, तिच्या भोकावर अंगठा दाबलेला.

"दादा, बार ऐकलंय. डुकर गावलो?" तिने विचारले. "आणि ही कळशी बघ रे. कमरेर होती, अशी उडाली! डाख लावून देशील?"

भिकाजीने कळशी घेतली. "देतंय गो," एवढेच म्हणाला.

परतताना त्याने होडी मध्यावर थांबवली. माझा बोल्ट काढून पाण्यात सोडला. सुरकुत्या मिटल्या. गंगाराम दुसरीकडे बघत राहिला.

मित्रांनो, लांबून सगळीच माणसे मडक्यांसारखी दिसतात. तुमच्या हातात गलोल असेल, दगड असेल. नेम धरण्याआधी पलीकडे एक हाक मारा. ओ येण्याइतका वेळ थांबा. त्या दिवशी भिकाजी थांबला नाही. ती कळशी अजून याच घरात आहे. डाख लावलेली, पण तुळसाला खरे सांगून ती परत द्यायला त्याचा हात धजलाच नाही.