माझा बुधवार खाणाऱ्यांनो

मी एक जुना हातमाग आहे, आणि मित्रांनो, माझी गोष्ट गोड बोलून सांगणे मला जमणार नाही. थायलंडमधल्या नान गावात, खांबांवर उभ्या असलेल्या एका घराखाली माझी जागा आहे. माझी मालकीण बुआखाम, तिच्या वडिलांनी मला सागवानातून घडवले. तिची आई माझ्यावर वाहत्या पाण्याच्या नक्षीच्या, बायकांनी नेसायच्या लुंग्या विणायची. बायका त्या बघायला वाट वाकडी करून यायच्या.

आई गेली. बुआखामने केस कापायचे दुकान काढले आणि माझ्यावर कोंबड्या झोपू लागल्या. तिचा धाकटा भाऊ इन्ता तर आपले हेल्मेट माझ्याच दांडीला अडकवायचा. मी काय खुंटी आहे?

गेल्या वर्षी होड्यांच्या शर्यतीला बुआखाम भावजयीची उसनी लुंगी नेसून गेली आणि घरी येऊन माझ्यापाशी रडली. मग तिने आपला आठवडा वाटून घेतला. आमच्याकडे प्रत्येक वाराला त्याचा रंग असतो. तिने त्या रंगांना कामे नेमून दिली. पिवळ्या सोमवारी दुकान बंद केले की परसातली भाजी, गुलाबी मंगळवारी शिवणटिपण, नारिंगी गुरुवारी विहारात जायचे, जांभळ्या शनिवारी आजारी मावशी. हिरवा बुधवार मात्र अख्खा माझा. बुधवारी केस कापणे अशुभ, त्यामुळे दुकान बंदच असते. माझ्यावर हिरव्या उभ्या धाग्यांचा ताणा चढला. पुढच्या शर्यतीला स्वतः विणलेली लुंगी नेसायची, एवढाच तिचा हट्ट होता.

सुरुवातीचे बुधवार आमचे मजेत गेले. मग घरच्यांना सुगावा लागला.

"ताई, आज तुझं बंदच आहे ना? डुकरांकडे बघ जरा," इन्ता म्हणायचा.

"वन्सं, सुट्टीच आहे तुम्हाला. पाहुणे यायचेत, चिकट भात तेवढा वाफवून द्या," ही भावजय.

दुकान बंद म्हणजे बाई रिकामी? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राग तिचाही यायचा, कारण ती दर वेळी उठून जायची. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही. अर्धी लुंगी माझ्यावर तशीच राहिली, कोंबड्या परत आल्या आणि शर्यत तोंडावर आली.

परवाच्या बुधवारी ती विणायला बसते न बसते तोच इन्ता हजर.

"चल ताई, मका सोलायचाय. तू काय, बसलीच आहेस!"

बुआखाम उठली. झाले, हाही बुधवार गेला, असे मला वाटले. पण ती दुकानातली कात्री आणि पांढरे कापड घेऊन आली.

"बस इथं."

"कशाला?"

"मला कामालाच लावायचंय ना? मग मी माझं काम करते. केस बघ केवढे वाढलेत तुझे."

"आज? बुधवारी? ताई, डोकं फिरलंय का तुझं? रविवारी होडी वल्हवायचीय मला!"

"मग मानेपासून सुरू करू?"

इन्ता असा पळाला की हेल्मेट माझ्यावरच राहिले. मागून आलेली भावजय दोन्ही हातांनी अंबाडा धरून अर्ध्या वाटेतूनच परत फिरली.

बुआखामने हेल्मेट काढून जिन्यावर ठेवले आणि माझ्या दांडीला कात्री अडकवली. मग दिवसभर धोटा धावत होता. आता वीतभर विणायचे राहिले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी राखून ठेवला असेल. "तू मोकळीच आहेस ना?" असे विचारत त्या दिवशी तिच्याकडे जाऊ नका. गेलातच, तर केस सांभाळा.