मी, लाँड्रीवाल्यांचा फोरम

मित्रांनो, मला हात लावून बघायला मागाल तर ते जमणार नाही. मला ना चाकं, ना शेपूट, ना गंज चढायला पत्रा. तरीही मी म्हातारा आहे आणि म्हाताऱ्यासारखाच थोडा चिडका आहे. शाळेच्या भिंतीवर एखादा फळा असावा, ज्याला अडचण असेल त्याने त्यावर प्रश्न लिहावा आणि ज्याला सुचेल त्याने खाली उत्तर लिहावं, तसा मी कॉम्प्युटरमधला फळा आहे. मला फोरम म्हणतात. माझ्यावर लिहिणारे सगळे लाँड्रीवाले. हसू नका. कपडे धुणाऱ्यांनाही अडचणी असतात.

माझा जन्म रियाधच्या अल मलाझ भागात झाला, पडद्यांच्या दुकानावरच्या एका लहानशा कचेरीत. तिथली कंपनी लाँड्रीसाठी सॉफ्टवेअर बनवते. कपडा आला की पट्टी छापायची, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर, आणि ती पट्टी कपड्याला टाचायची. तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं! पण इथले पुरुष थोब घालतात, म्हणजे पायघोळ पांढरा झगा. शेकडो थोब, सगळे पांढरेशुभ्र. पट्टी चुकली की उंच माणसाचा थोब बुटक्याच्या घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी दोघेही दुकानात भांडायला येतात.

कंपनीत पुण्याचा इंद्रनील होता. दिवसभर दुकानदारांचे फोन घेऊन त्याचे कान किटले होते. एका दुपारी डब्यातला भात संपवता संपवता त्याने मला उभं केलं आणि म्हणाला, "यल्ला, चला, आता एकमेकांना विचारा!" दार बसवायला मात्र तो विसरला. लिहिणाऱ्याने नाव नोंदवलं की पुरे, आणि वाचायला तर तेवढंही नको. येणारा-जाणारा कुणीही डोकावू शकत होता. पुढे इंद्रनील दुसऱ्या नोकरीवर गेला आणि मी उघडाच राहिलो.

माझ्यावर पहिला प्रश्न लिहिला इसहाकभाईंनी. हे दापोलीकडच्या हर्णैचे. रियाधमधल्याच बत्ह्याच्या बाजारात, बसच्या थांब्यामागे, त्यांची लाँड्री. त्यांची म्हणजे ते तिथे काम करतात, दुकान मालकाचं. त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. "अस्सलामु अलैकुम. मी इसहाक, मुक्काम बत्हा, गाव हर्णै. इकामा नंबर हा, मोबाइल हा, कफीलचा नाव हा. साहेब, पट्टीवर अरबी अक्षरा तुटतात आनि उलटी येतात. गिऱ्हाईक हसतात."

इकामा म्हणजे परदेशी माणसाचं इथे राहायचं ओळखपत्र, आणि कफील म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे राहतो आणि राबतो तो मालक. या देशात कुठल्याही खिडकीपाशी जा, आधी इकामा विचारतात. त्यामुळे आपण होऊन नंबर सांगणं हे इसहाकभाईंच्या लेखी रीतीचंच होतं. पाहुण्याने चप्पल दाराशी काढावी तितकं साधं.

नाशिकची मधुमती तेव्हा कंपनीत नुकतीच लागली होती. माझी देखभाल तिच्याकडे आली. इसहाकभाईंचा प्रश्न वाचून ती खूश झाली. नाव आहे, दुकान आहे, अडचण नीट सांगितली आहे! तिने तो प्रश्न माझ्या माथ्यावर टाचला आणि वर लिहिलं, "प्रश्न असा विचारावा." झालं. दम्मामपासून अभापर्यंतच्या लाँड्रीवाल्यांनी तोच कित्ता गिरवला. सलाम, नाव, गाव, इकामा नंबर, मोबाइल, कफील आणि मग कुठे अडचण. मला तर अभिमान वाटायचा. बघा, म्हणायचो, लोक माझ्यावर किती भरवसा टाकतात!

ती माझ्या भरभराटीची वर्षं. ईदच्या आधी तर मला श्वास घ्यायला फुरसत नसे. थुवालच्या विद्यापीठातली लाँड्री विचारायची, एकाच नावाचे दोन प्राध्यापक असले तर काय करू? जेद्दाहून कुणी सांगायचं, मशीन रुसलंय. मधुमती सगळ्यांवर लक्ष ठेवी. जाहिराती उपटून टाकी. सुप्रभातची फुलं पाठवणाऱ्यांना प्रेमाने दटावी. खळ किती घालावी यावरून दोन लाँड्रीवाले हमरीतुमरीवर आले, तेव्हा तिने दोघांनाही आठवडाभर गप्प बसवलं होतं. मला तो आठवडा फार निवांत गेला.

आणि इसहाकभाई? त्यांच्याबद्दल खरं सांगू का? त्यांची निम्मी उत्तरं साफ चुकीची असत. प्रश्न काहीही असो, त्यांचा एकच इलाज: "प्रिंटर बंद करून परत चालू कर, भाऊ." खाली येऊन मधुमती बरोबर उत्तर लिही. पण नव्या माणसाने प्रश्न टाकला आणि खाली कुणीच काही बोललं नाही, असं इसहाकभाईंनी कधी होऊ दिलं नाही. गिऱ्हाईक समोर ओरडत असताना फोनवर कुणाचं तरी "आलो, भाऊ" दिसलं तर माणसाला किती धीर येतो, हे मी पाहिलं आहे. मला ते फार आवडायचे. आजही आवडतात.

मग फोन यायला लागले.

"मी सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय," असं कुणीतरी गोड आवाजात सांगे. नाव बरोबर सांगे, इकामा नंबर बरोबर सांगे, कफीलचं नावही बरोबर. मग म्हणे, "तुमच्या मोबाइलवर एक कोड येईल, तेवढा सांगा." कंपनीचा माणूस असल्याशिवाय इतकं कसं माहीत असेल? तो लबाड माणूस ते सगळं माझ्यावरूनच वाचत होता, मित्रांनो. दार नव्हतंच ना.

दम्मामच्या कादिरने कोड सांगितला. कादिर म्हसळ्याचा, भरवशाचा, कामाला वाघ. त्याच्या नावावर कुणी तिसऱ्याच माणसाने सिमकार्ड घेतलं आणि त्यावरून भलते उद्योग केले. कादिरला चौकीवर जाऊन खुलासे द्यावे लागले. घरी जायची सुट्टी मंजूर झाली होती, बॅग भरून तयार होती, ती तशीच राहिली. बहिणीचं लग्न त्याने फोनच्या पडद्यावर पाहिलं.

त्या रागात त्याने माझ्यावर लिहिलं, "इसहाकभाईने सगळ्यांना नंबर लिहायला शिकवलं. माझं जे झालं ते त्यांच्यामुळे."

हे इसहाकभाईंनी वाचलं. ते उत्तर लिहीत होते, मला कळत होतं. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. तेवढ्यात कंपनीने मला कडी घातली.

चारुदत्त साहेब कंपनीचे प्रमुख. माणूस वाईट नाही, उलट कादिरच्या बातमीने त्यांचं जेवण गेलं होतं. ते मधुमतीला म्हणाले, "खलास. ज्याच्याकडे ग्राहक कोड आहे त्यालाच आत घ्यायचं. बाकी सगळे बाहेर." बोलणं चोख होतं. फक्त ग्राहक कोड असतो सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याकडे, म्हणजे दुकानाच्या मालकाकडे. आणि मालकांपैकी कुणी जन्मात कधी पट्टी छापली नव्हती. कादिरला तेवढा त्याच्या मालकाने कोड देऊन ठेवला, पुन्हा घोटाळा नको म्हणून. पण तोही रागावून आत यायचं टाळत होता.

त्यानंतर माझ्यावर जी शांतता पसरली ती मला सोसवेना. खळीचं भांडणसुद्धा आठवून मला गहिवरून यायचं. दारावर रोज दुपारी एक थाप पडे. नाव: इसहाक. उत्तर: प्रवेश नाही. नमाजाला दुकान बंद झालं की ते एकदा करून बघत असावेत. इतकी वर्षं ज्यांनी दुसऱ्याला उत्तर मिळाल्याशिवाय राहू दिलं नाही, त्यांच्यावर ठपका आला आणि त्यांना एक शब्द बोलायला जागा नव्हती. मी कडी आतून काढू शकत नाही, मित्रांनो. माझ्यासारख्याला हात नसतात.

ती थाप मधुमतीलाही दिसत होती. एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर ती उठून बत्ह्याला गेली. तिथे जे झालं ते तिने नंतर माझ्यावरच लिहून ठेवलं, म्हणून सांगू शकतो.

इसहाकभाई इस्त्री करत होते. तिला पाहून त्यांनी इस्त्री उभी केली, पण मान वर केली नाही.

"ताई, माज्यामुळं झाला ना ह्या सगळा?"

"इसहाकभाई, तुमचा प्रश्न वर टाचला तो मी. झाकायचा नंबर मी झाकला नाही. तुम्ही कशाला मान खाली घालता?"

"कादिरला भैनीच्या लग्नाला जाता आला नाय, ताई. मना एकदा त्येला सांगायचा होता. तुमी तर दारच लावलात."

"दार लावायलाच हवं होतं हो. पण तुम्हाला आत कसं घेऊ? कोड तुमच्या मालकाकडे. विचारा ना त्यांना."

तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला. "आनि किती विचारू? घरी जायचा, कफीलला विचार. काम बदलायचा, कफीलला विचार. आयुष्य गेला विचारन्यात. आता चार भावांशी बोलायचा, त्येला पन कफीलच पायजे?"

मधुमतीने चहा घेतला आणि ती परत निघाली. पण ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. रविवारी, इथे तो आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस, ती चारुदत्त साहेबांसमोर उभी राहिली. "सर, या लोकांचा या देशात शिरायचा रस्ताच तो आहे. कुणीतरी म्हणतं, हा माणूस माझ्या भरवशावर. मग आपणही तसंच करू. मालकाचा कोड नको. आत असलेल्याने बाहेरच्याबद्दल शब्द द्यायचा. काही वावगं झालं तर शब्द देणाऱ्यालाही जाब विचारायचा."

साहेबांनी विचारलं, "आणि सगळे जुने नंबर?"

"मी झाकते. एकूण एक."

"ठीक आहे. पण कंपनीच्या माणसाने शब्द द्यायचा नाही. ग्राहकांनीच ग्राहकांचा द्यायचा. आत आहे कोण सध्या?"

आत होता एकटा कादिर.

मधुमतीने नंबर झाकायला घेतले. माझी पानं मागे मागे चाळत ती प्रत्येक नंबरावर फुल्या मारत होती आणि मला अंग चोळून आंघोळ घातल्यासारखं वाटत होतं. माथ्यावरचा तो जुना प्रश्न तिने काढला नाही. फक्त नंबर पुसले आणि खाली लिहिलं, "सलाम, नाव, गाव लिहा. इकामा लिहू नका, कुणी मागितला तरी नाही. मोबाइलवर आलेला कोड कुणालाच सांगू नका, माझ्या नावाने फोन आला तरी."

मग तिने इसहाकभाईंना नवी रीत कळवली आणि माझ्या दाराबाहेर, प्रवेश मागायच्या पायरीवर, एक ओळ आली. "अस्सलामु अलैकुम. मी इसहाक, मुक्काम बत्हा, गाव हर्णै." बस. पुढचं सगळं कोरं. कादिरला मधुमतीने कळवलं की इसहाकभाई दारात आहेत, शब्द द्यायचा की नाही ते तू ठरव. कादिरने ते वाचलं आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा वाचलं, पुन्हा गेला. मला धाप लागली होती, लागत असती तर. त्याने नाही म्हटलं असतं, तर कुणी त्याला बोल लावला नसता. ज्याचं बहिणीचं लग्न हुकलं त्याला काय म्हणणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने लिहिलं.

"मी या माणसाला ओळखतो. दुकानात नवीन होतो, पट्टी अडकली होती, मालक डोक्यावर उभा होता. यांनी मला चुकीचं उत्तर दिलं. पण पहिलं उत्तर यांनीच दिलं. इसहाकभाईंचा कफील मी."

कडी निघाली. इसहाकभाई आत आले. इतके दिवस लिहून खोडलेलं ते उत्तर आता तरी लिहितील, असं मला वाटलं. त्यांनी एवढंच लिहिलं, "कादिर, भैनीला माजी दुवा सांग." खाली कादिरने लिहिलं, "सांगतो, चाचा." तोवर तो त्यांना भाई म्हणत असे.

त्यानंतर एकेक जण आत येऊ लागला, कुणाच्या ना कुणाच्या शब्दावर. जेद्दाच्या एका नव्या माणसासाठी इसहाकभाईंनी स्वतः शब्द दिला आणि वर एक ओळ जोडली. "आजपोतर जिथं तिथं कफीलचा नाव लिवत आलो. आज त्या जागेवर माजा नाव लिवला." ती ओळ मधुमतीने कचेरीत चारुदत्त साहेबांना वाचून दाखवली. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

मित्रांनो, तुम्हीही उद्या अशा फळ्यांवर लिहाल, कदाचित आजच लिहीत असाल. आपला नंबर, आपला कोड आपल्यापाशी ठेवा. ज्याच्याकडे दाराची कडी असेल त्याने ती जरूर लावावी. मी उघडा राहिलो त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. पण कडी लावल्यावर तिथून लगेच जाऊ नका. बाहेर कोण राहिलं ते बघा, आणि त्याला ओळखत असाल तर त्याच्यासाठी शब्द टाका. आमच्यासारख्या म्हाताऱ्या फोरमांना तेल नको, रंग नको. माणसं आत हवीत, एवढंच.

आता मला जाऊ द्या. जेद्दाच्या त्या नव्या माणसाने आत्ताच लिहिलं आहे, पट्टीवर अक्षरं तुटतायत, गिऱ्हाईक समोर उभं आहे. मधुमती बरोबर उत्तर लिहील, तिला थोडा वेळ लागेल. पण त्याच्याखाली एक ओळ आलीसुद्धा.

"आलो, भाऊ. प्रिंटर बंद करून परत चालू कर."